माझा मुलगा 'कमावता' आहे का? अर्थमंत्र्यांना एका आईचे खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार
तसेच मा. अध्यक्ष व सदस्य, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

महोदया,
सविनय नमस्कार.

माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. दर महिन्याच्या सात तारखेला तो वर्कशॉपमधून एक पांढरे पाकीट घेऊन येतो. ते तो वाटेत उघडत नाही, रिक्षावाल्या काकांनाही दाखवत नाही. घरी आला की चपला काढायच्या आधी माझ्या सासूबाईंच्या हातात देतो आणि म्हणतो, "आजी, पगार." सासूबाई ते देवापुढे ठेवतात. २०२२ पासून हे मानधन बँकेत जमा होते, पाकिटात असते ती नुसती पावती. पण पाकीट मिळाले नाही तर तो दिवसभर कामाला हात लावत नाही, म्हणून तिथल्या ताई आठवणीने पावती पाकिटात घालून देतात. रक्कम १,८०० रुपये.

या १,८०० रुपयांमुळे मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे.

मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. प्रमाणपत्रावर 'मध्यम, ७५ टक्के' असे लिहिले आहे. त्याला पन्नासची नोट आणि पाचशेची नोट वेगळी ओळखता येत नाही. वर्कशॉपमध्ये तो कागदी पाकिटे चिकटवतो आणि दिवाळीच्या आधी उटण्याच्या पुड्या भरतो. मोजता येत नाही, म्हणून ताईंनी पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखून दिले आहेत. प्रत्येक चौकोनात एक पाकीट ठेवायचे, सगळे चौकोन भरले की गठ्ठ्याला रबर लावायचे. हे शिकायला त्याला दीड वर्ष लागले. त्याची दाढी त्याचे वडील करतात. फिटची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठला चुकवून चालत नाही. त्याच्यासाठी यांनी १४ वर्षांपूर्वी नोकरी सोडली, तेव्हापासून घर माझ्या एकटीच्या पगारावर चालते.

आयकर कायद्यात आमच्यासारख्यांसाठी कलम ८० डीडी आहे. दिव्यांग व्यक्ती करदात्यावर अवलंबून असेल, तर करदात्याच्या उत्पन्नातून ठरावीक रक्कम वजा होते: अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ७५ हजार, ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाख. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्या पावत्या जोडाव्या लागत नाहीत. मूल सज्ञान झाले म्हणून ही वजावट थांबत नाही, आणि पुढे भावाने किंवा बहिणीने सांभाळले तर ती त्यांनाही मिळते. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना अशा घरांची जाण होती. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे, आणि म्हणूनच त्या कलमाची जी अवस्था झाली आहे ती बघवत नाही.

पहिली तक्रार 'अवलंबून' या शब्दाबद्दल आहे. कायदा म्हणतो, ती व्यक्ती पालनपोषणासाठी करदात्यावर 'पूर्णतः किंवा मुख्यत्वे' अवलंबून असावी, आणि तिने स्वतःच्या विवरणपत्रात, दिव्यांग करदात्याला स्वतःसाठी मिळणारी कलम ८० यूची वजावट घेतलेली नसावी. बस्स. मुख्यत्वे म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेले नाही. मुलाच्या उत्पन्नाची मर्यादाही नाही. मर्यादा नाही म्हणजे बरेच झाले, असे मलाही वाटायचे. पण आकडा किंवा कसोटी नसली की ठरवण्याचे काम टेबलापलीकडच्या माणसाकडे जाते. २०२२-२३ साली माझ्या कार्यालयाच्या लेखा विभागाने मुलाचे पासबुक मागितले. त्यात दरमहा १,८०० रुपये जमा दिसले. "मॅडम, मुलगा कमावता आहे. त्याला काहीही उत्पन्न नाही असे हमीपत्र द्या, नाहीतर वजावट धरता येणार नाही." बोलणारा मुलगा चांगला होता, माझ्या मुलाच्याच वयाचा. त्याच्याकडे तसा छापील नमुना होता, आणि त्याला कोणी दुसरे काही शिकवले नव्हते. मी सही केली नाही. खोटे लिहायचे नव्हते. त्या वर्षी जास्तीचा कर पगारातून कापला गेला. जुलैत विवरणपत्र भरताना मी वजावट स्वतः मागितली, परतावा मिळाला, पण पुढचे कितीतरी महिने आयकर खात्याचा ई-मेल आला की छातीत धस्स व्हायचे.

वर्कशॉपच्या पालक सभेत मी हे सांगितले तेव्हा तिघाचौघांनी सांगितले की त्यांनी ते हमीपत्र डोळे मिटून दिले होते. एका वडिलांनी तर मुलीचे मानधनच बंद करा असे संस्थेला लेखी कळवले होते. मुलगी १,२०० रुपये मिळवत होती. महोदया, ती मुलगी अजूनही सात तारखेला हात पुढे करते आणि ताई तिला रिकामे पाकीट देतात. कायद्याच्या एका संदिग्ध शब्दापायी हे घडते आहे, आणि ते मला सहन होत नाही.

माझा हिशेब मांडते. मुलाचे वर्षाचे मानधन २१,६०० रुपये. त्याच वर्कशॉपची फी महिन्याला ३,५००, म्हणजे वर्षाला ४२,०००. सामायिक रिक्षा २६,४००. गोळ्या, रक्ततपासण्या आणि डॉक्टर मिळून ३६,०००. एवढ्या तीनच बाबी १,०४,४०० रुपयांच्या होतात आणि त्याच्या कमाईतून त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा निघतो. जेवणखाण, कपडे, त्याच्या वाटणीचे घरभाडे धरले तर वर्ष अडीच लाखांच्या खाली जात नाही. यांच्या सोडलेल्या नोकरीचा पगार मी यात धरलेलाच नाही. तो कुठल्या रकान्यात लिहायचा हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

आता ठेवीचे. सासूबाईंनी गावची जमीन विकून आलेल्या पैशांतले दहा लाख नातवाच्या नावे मुदत ठेवीत टाकले. आम्ही दोघे गेल्यावर त्याचे कसे, हा प्रश्न प्रत्येक अशा घरात रोज रात्री दिवा मालवताना असतो, त्यावर त्यांनी काढलेला हा तोडगा. ठेव त्याच्या नावे करायलाही सोपे नव्हते. १८ वर्षे पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र आणावे लागते. ते आणले, पॅन काढले, खाते उघडले. त्या ठेवीवर वर्षाला ६८ हजारांच्या आसपास व्याज येते आणि ते पुन्हा ठेवीतच जाते. पण पॅन त्याचे, व्याज त्याचे, म्हणून त्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे आयकर खात्याकडच्या नोंदीत, ते उत्पन्न म्हणून दिसते. मानधन आणि व्याज मिळून ८९,६००. कर लागण्याइतके हे उत्पन्न नाही, पण मुलगा 'मुख्यत्वे' माझ्यावर अवलंबून नाही असे उद्या एखाद्या अधिकाऱ्याने ठरवले, तर मी दाद कशाच्या आधारावर मागू? एकीकडे सरकार आम्हाला सांगते, मुलांच्या भवितव्याची तरतूद करा. दुसरीकडे ती तरतूदच त्याला आमच्यापासून कागदोपत्री वेगळा काढू शकते.

आकडे ठरवणे सरकारला जमत नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत अवलंबित कोण, यासाठी महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता अशी मर्यादा आहे. दिवंगत सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्यासाठीही हीच ९,००० आणि महागाई भत्त्याची मर्यादा होती. ती फार तोकडी आहे हे ओळखून सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बदलली. आता कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई मदत, एवढ्यापेक्षा मुलाचे इतर उत्पन्न कमी असले की तो पात्र ठरतो. मग प्राप्तिकरातच ही स्पष्टता का नको?

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. तिची मुलगीही अशीच आहे, ३१ वर्षांची. तिने मला तिकडचा नियम समजावला. मूल कायमस्वरूपी आणि पूर्णपणे अक्षम असेल आणि आईवडिलांकडेच राहत असेल तर वयाची अट नाही. मुलाने किती कमावले हे न पाहता, त्याच्या स्वतःच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च त्याने स्वतः उचलला का, एवढेच विचारतात. इतर अवलंबित नातेवाइकांना उत्पन्नाची मर्यादा आहे, २०२५ साठी ती ५,२०० डॉलर होती. पण त्यातही पूर्णपणे अक्षम व्यक्तीने संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे आमच्या वर्कशॉपसारख्या ठिकाणी, मिळवलेले पैसे, काही अटींवर, मोजायचे नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे. तिथे अशा सज्ञान मुलासाठी मिळणारी करसूट मोठी नाही, ५०० डॉलरपर्यंतच. पण कार्यशाळेतली कमाई म्हणजे स्वावलंबन नव्हे, हे त्यांच्या कायद्याला कळते. माझी बहीण कुणापुढे खोटे हमीपत्र धरून उभी राहत नाही.

दुसरी तक्रार टक्क्यांची. बौद्धिक अक्षमतेचे टक्के सरकारनेच ठरवून दिले आहेत: सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. आणि सव्वा लाखाच्या वजावटीची रेषा आखली आहे ८० वर. म्हणजे 'मध्यम' गटातले एकही मूल, त्याला आणखी दुसरे अपंगत्व नसेल तर, कधीच त्या रेषेपलीकडे जाऊ शकत नाही. पाच टक्क्यांनी हुकले असे लोक म्हणतात, पण हे परीक्षेत हुकण्यासारखे नाही, कारण ७६ किंवा ७९ हा आकडा त्या कोष्टकात नाहीच. माझ्या मुलाला एक तासही घरी एकटे ठेवता येत नाही. गॅसचे बटण, दारावर आलेला अनोळखी माणूस, फिट, कशासाठी म्हणून सांगू? चोवीस तास माणूस लागणाऱ्या मुलाला कायदा खालच्या पायरीवर ठेवतो.

रकमेबद्दल फार लिहीत नाही. ७५ हजार आणि सव्वा लाख हे आकडे २०१५ च्या अर्थसंकल्पात ठरले, त्याआधी ५० हजार आणि एक लाख होते. तेव्हापासून त्यांना हात लागलेला नाही. २०१५ साली आमच्या वर्कशॉपची फी १,२०० रुपये होती.

तिसरी तक्रार माझ्या मते सगळ्यांत गंभीर आहे. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. २०२० साली ती प्रणाली आली तेव्हा ऐच्छिक होती. २०२३-२४ पासून वेगळे काही कळवले नाही तर तीच लागू होते. तिच्यात ८० डीडी नाही, दिव्यांग व्यक्तीला स्वतःला मिळणारी ८० यू नाही, गंभीर आजारांच्या उपचारांची ८० डीडीबी नाही. कोणी म्हणेल, हवी असेल तर जुनी प्रणाली निवडा. निवडून पाहिली. माझे वार्षिक वेतन हिशेबाला सोपे म्हणून १८ लाख धरा आणि व्यवसाय कर बाजूला ठेवा. २०२५-२६ च्या दरांनी, जुन्या प्रणालीत पगारदारांना सरसकट मिळणारी ५० हजारांची प्रमाणित वजावट, दीड लाखाची बचत, २५ हजारांचा आरोग्य विम्याचा हप्ता आणि मुलाचे ७५ हजार वजा करून कर होतो २,७३,०००. नव्या प्रणालीत यातले फक्त ७५ हजार प्रमाणित वजावटीचे मिळतात, तरी कर होतो १,५०,८००. सव्वा लाखाच्या आसपास फरक असताना जुनी प्रणाली कोण निवडेल? दर कमी केलेत हे चांगलेच झाले, मी ते नाकारत नाही. पण निवड उरली आहे असे मात्र म्हणू नका.

याचा अर्थ असा की माझ्याच कार्यालयातली, माझ्याइतकाच पगार असलेली, दोन्ही मुले नोकरीला लागलेली मैत्रीण आणि मी, दोघी आता सारखाच कर भरतो. कर देण्याची ऐपत ज्याची त्याची पाहून कर घ्यावा, हे तत्त्व आमच्या बाबतीत गळून पडले. नव्या प्रणालीत ७५ हजारांची वजावट दिली असती तर माझा कर १५,६०० रुपयांनी कमी झाला असता, सव्वा लाखाची दिली असती तर २६,००० रुपयांनी. १५,६०० रुपये म्हणजे आमची सात महिन्यांची रिक्षा.

साधेपणासाठी सगळ्या वजावटी काढल्या असे सांगितले जाते. मग २०२३ मध्ये प्रमाणित वजावट नव्या प्रणालीत परत आली, ती २०२४ मध्ये ५० हजारांवरून ७५ हजार झाली. मालकाने निवृत्तिवेतन योजनेत भरलेली रक्कम तिथे वजा होते. दिव्यांग कर्मचाऱ्याचा प्रवास भत्ताही तिथे करमुक्त आहे, आणि तो तसाच राहावा. म्हणजे अपवाद करता येतात, केलेले आहेत. ८० डीडी ही गुंतवणुकीची वजावट नव्हे. विमा किंवा भविष्य निर्वाह निधी मी ठरवून घेते. मुलाचे अपंगत्व मी निवडलेले नाही, आणि ते कर वाचवण्याचे साधनही होऊ शकत नाही.

१२ लाखांपर्यंत कर नसल्याने पुष्कळ पालकांना हा प्रश्न येतच नाही, हे मला माहीत आहे. आमच्या वर्कशॉपमधल्या निम्म्या घरांचे उत्पन्न वर्षाला तीन लाखही नाही. त्यांची लढाई राज्य सरकारशी आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार ठेवली आहे, तिच्यात बसणारे घर शोधून सापडत नाही. ते पत्र मी मुंबईला वेगळे लिहिणार आहे. पण कर भरणाऱ्या आईची तक्रार ही चैनीची तक्रार आहे असे कृपया समजू नका. मी निवृत्त होईन त्यानंतरही मुलगा कितीतरी वर्षे जगायचा आहे, आणि आज वाचलेला प्रत्येक रुपया त्याच ठेवीत जाणार आहे.

सरकार ऐकत नाही असे मी म्हणणार नाही. याच कलमात एक मोठी अडचण होती. दिव्यांग पाल्यासाठी काढलेल्या विम्याचे पैसे पालकाच्या मृत्यूनंतरच मिळायचे. त्याविरुद्ध एक पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका मान्य केली नाही, पण केंद्राने याचा पुन्हा विचार करावा असे सुचवले. २०२२ च्या अर्थसंकल्पात तुम्ही दुरुस्ती केलीत, आता पालकाच्या वयाची ६० वर्षे झाली की त्याच्या हयातीतही पैसे मिळू शकतात. ते वाचले त्या दिवशी मी यांना फोन करून सांगितले होते.

म्हणून विचारते. १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा आयकर कायदा भाषा सोपी व्हावी म्हणून आणला, असे तुम्ही संसदेत सांगितले. मग सर्वांत आधी सोपे व्हायला हवे होते ते 'मुख्यत्वे अवलंबून' हेच दोन शब्द.

माझ्या मागण्या अशा:

दिव्यांग व्यक्तीच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च करदाता करत असेल तर ती व्यक्ती अवलंबित समजावी, असे मंडळाने परिपत्रक काढून जाहीर करावे. संरक्षित कार्यशाळेतील मानधन, विद्यावेतन, सरकारी अनुदान आणि तिच्या भवितव्यासाठी ठेवलेल्या ठेवीवरचे व्याज या कसोटीत धरू नये. 'काहीही उत्पन्न नाही' असे हमीपत्र मागू नये, हे सर्व वेतन देणाऱ्या कार्यालयांना कळवावे.

ही वजावट, आणि तिच्यासोबत ८० यू, नव्या करप्रणालीत द्यावी.

बौद्धिक अक्षमतेत सव्वा लाखाची रेषा ७५ टक्क्यांवर आणावी. रकमा वाढवाव्यात, आणि पुढे त्या महागाईशी जोडाव्यात, म्हणजे दर दहा वर्षांनी कुणा आईला पत्र लिहावे लागणार नाही.

परिपत्रकाला संसद लागत नाही, ते मंडळ आपल्या अधिकारात काढू शकते. बाकीच्या मागण्यांसाठी पुढचा अर्थसंकल्प आहे. या पत्राची इंग्रजी प्रत पोस्टाने पाठवली आहे, सोबत मुलाचे प्रमाणपत्र, पासबुकाचे पान आणि ते कोरे हमीपत्र जोडले आहे. मराठीत लिहिते आहे ते इतर पालकांनी वाचावे म्हणून. ज्यांना हे पटेल त्यांनी आपापल्या खासदारांना आपला हिशेब लिहून पाठवावा, आणि मुलांचे मानधन बंद करू नये.

त्या मुलीच्या वडिलांना मी सांगितले आहे की मंडळाचे उत्तर आले की पहिली प्रत त्यांना देईन.

आपली विश्वासू,
एक करदाती आई
मिरज, जि. सांगली